चौदा नंबरची खुर्ची

लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी एक मीटर, असा एक खोका डोळ्यांपुढे आणा. त्यात जेवणाच्या टेबलाजवळच्या खुर्च्या किती मावतील? घरातल्या खुर्च्यांचा अंदाज घेतला तर उत्तर येते दोन, फार कोंबल्या तर चार. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाचा एक कारखानदार अशा खोक्यात ३६ खुर्च्या भरून जहाजावर चढवत होता. खुर्च्या सुट्या असायच्या. काठ्या एकीकडे, कडी एकीकडे, स्क्रूची पुडी वेगळी. पलीकडच्या बंदरात उतरल्यावर दुकानातला पोऱ्या त्या जोडून टाकायचा. त्याला सुतारकाम येण्याची गरज नव्हती.

इराण्याकडे बसून चहा प्यायलेल्या कोणालाही ही खुर्ची दाखवावी लागत नाही. काळपट तपकिरी रंग, गोल बैठक, पाठीला एकात एक अशा दोन कमानी. मागचे पाय आणि पाठ वेगळी नाहीतच. एकच लांब काठी जमिनीतून वर चढते, डोक्यापाशी वळते आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा खाली येते. अख्ख्या खुर्चीला कोपरा म्हणून नाही. तिला नावही नाही. १८५९ साली ती बाजारात आली तेव्हा कंपनीच्या यादीत तिचा क्रमांक १४ होता, आणि तोच तिचा परिचय राहिला.

कंपनीचे नाव गेब्रुडर टोनेट, म्हणजे टोनेट बंधू. जर्मनमध्ये लिहिताना ‘टी’नंतर ‘एच’ येतो म्हणून आपल्याकडे काहीजण थोनेट म्हणतात, पण उच्चार टोनेट. आधुनिक फर्निचरचा धंदा नेमका कुठे सुरू झाला यावर वाद घालता येईल. माझे मत विचाराल तर तो या घराण्यापासून सुरू झाला, आणि त्याच्या मुळाशी सरस आहे. सुतार वापरतो तो, जनावरांच्या हाडाकातड्यापासून उकळून काढलेला, वास मारणारा सरस.

मिखाएल टोनेटचा जन्म १७९६ सालचा, ऱ्हाइन नदीकाठच्या बोपार्ड गावातला. बाप चामडी कमावणारा. पोराने सुतारकी धरली आणि १८१९ मध्ये स्वतःचे दुकान टाकले. त्या काळी वळणदार खुर्च्यांची चाल होती. सुताराला कमान हवी असेल तर तो रुंद फळी घ्यायचा, तिच्यातून कमान कापायचा आणि उरलेला तुकडा जळणात जायचा. लाकूड वाया जायचेच, शिवाय कापलेल्या कमानीत लाकडाचे धागे मध्येच तुटायचे. त्यामुळे खुर्ची मोडायची ती नेमकी वळणावर. टोनेटला हे पटेना. लाकूड कापण्याऐवजी वाकवता आले तर धागे टोकापासून टोकापर्यंत सलग राहतील, असे त्याने धरले.

१८३०च्या सुमारास त्याने लाकडाच्या पातळ पट्ट्या काढल्या, त्यांचे जुडगे बांधले, सरसात उकळले आणि गरम असतानाच साच्यात दाबले. निवल्यावर जुडग्याने वळण धरून ठेवले. १८३६ पर्यंत या रीतीने पूर्ण खुर्च्या होऊ लागल्या. सरस इतका लागायचा की त्याने पुढे सरस बनवणारी एक गिरणीच विकत घेतली. कच्च्या मालासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचे नाही, ही सवय इथे लागली आणि पुढे या घराण्याला तिने मोठे केले. प्रशियाच्या सरकारने मात्र पेटंट दिले नाही. परदेशांतली पेटंटे घेण्यासाठी कर्ज काढावे लागले, आणि ते कर्ज अंगाशी यायला वेळ लागला नाही.

१८४१ मध्ये कोब्लेंझच्या प्रदर्शनात त्याचे काम ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर मेटर्निख याच्या नजरेस पडले. सगळ्या युरोपच्या राजकारणाची सूत्रे ज्याच्या हातात होती तोच हा मेटर्निख. त्याने टोनेटला व्हिएन्नाला यायला सांगितले. टोनेट गेला, आणि १६ जुलै १८४२ रोजी दरबाराने त्याला कोणत्याही जातीचे, अगदी ठिसूळ लाकूडही हव्या त्या आकारात वाकवण्याचा विशेषाधिकार दिला. तिकडे बोपार्डला सावकारांनी धीर सोडला आणि मालमत्तेवर टाच आणली. बायकामुले व्हिएन्नात आली ती परत जायला घर उरले नाही म्हणून. टोनेट तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होता.

पुढची काही वर्षे बापलेक दुसऱ्याच्या कारखान्यात राबले. कार्ल लायस्टलर हा व्हिएन्नाचा मोठा फर्निचरवाला. लिख्टनश्टाइन सरदारांच्या राजवाड्याचे काम त्याच्याकडे होते. तिथली नक्षीदार लाकडी जमीन आणि नाजूक खुर्च्या यांत टोनेटांचा हात होता. नाव मात्र लायस्टलरचे. १८४८ मध्ये क्रांती झाली आणि मेटर्निख स्वतःच व्हिएन्ना सोडून पळाला. पाठीराखा गेला. पुढच्याच वर्षी टोनेटने गुम्पेनडॉर्फ भागात स्वतःचा कारखाना घातला.

आता त्याला गिऱ्हाईक मिळाले ते कॉफीचे. व्हिएन्नात डाउम नावाचे एक कॉफीहाउस होते. १८५०च्या आसपास तिथल्या मालकिणीने टोनेटच्या खुर्च्या घेतल्या. यादीतला तो ४ नंबर. मग बुडापेस्टच्या एका हॉटेलाने ४०० खुर्च्यांची मागणी नोंदवली. कॉफीहाउसची खुर्ची हा फर्निचरवाल्याच्या कसोटीचा माल आहे. ती दिवसातून शंभरदा सरकते, पोऱ्याला एका हाताने उचलून टेबलावर पालथी घालता आली पाहिजे, बसणारा मागच्या दोन पायांवर झुलतो, कॉफी सांडते. राजवाड्यातली खुर्ची वर्षातून चारदा वापरली जाते आणि तिच्यावर बसणाऱ्याला पाठ ताठ ठेवायची शिकवण असते. माझ्या लेखी टोनेटच्या धंद्याचे भविष्य लिख्टनश्टाइनच्या दिवाणखान्यात ठरले नाही, या कॉफीच्या दुकानात ठरले. १८५१च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात त्याने शोभिवंत माल मांडला आणि कांस्यपदक मिळवले. पदकाने नाव झाले. पैसा चार नंबरच्या खुर्चीने दिला.

१८५३ मध्ये त्याने धंदा पाच मुलांच्या नावे केला. फ्रांझ, मिखाएल, आउगुस्ट, योझेफ, याकोब. कारभार बापाच्याच हातात राहिला, पण पाटीवर ‘बंधू’ आले.

आणि मग सरसाने दगा दिला. माल समुद्रापार जाऊ लागला तशा तक्रारी येऊ लागल्या. जहाजाच्या तळातली दमट हवा आणि उष्ण प्रदेशातला ओलावा यांत सरस सुटायचा, पट्ट्यांची पाने उलगडायची आणि खुर्ची जुन्या वहीसारखी व्हायची. व्हिएन्नाच्या कोरड्या दिवाणखान्यात जे वर्षानुवर्षे टिकले ते दमट हवेच्या बंदरात एक पावसाळाही काढीना. ज्या रीतीवर घर गेले, कर्ज झाले, दरबारी कागद मिळाला, तीच रीत निर्यातीला नालायक निघाली. दुसऱ्या एखाद्याने गाशा गुंडाळून फक्त व्हिएन्नापुरता माल केला असता. टोनेटने सरसच काढून टाकायचे ठरवले. जुडगे नको, एकच सलग काठी वाकवायची.

हे म्हणायला सोपे आहे. बांबूची कांब वाकते, पण जाड लाकडी दांडा गुडघ्यावर घेऊन वाकवून बघा. बाहेरच्या बाजूचे धागे ताणले जातात आणि आतल्या बाजूचे दबतात. वाफेत शिजवलेले बीचचे लाकूड दबायला खूप दबते, पण ताणायला तयार नसते. शंभरात एक-दोन भागांपलीकडे ताणले की बाहेरून तडकते. टोनेटची युक्ती अशी की वाकवण्याआधी दांड्याच्या बाहेरच्या अंगाला लोखंडाच्या पत्र्याची पट्टी लावायची आणि ती दोन्ही टोकांना घट्ट आवळायची. मग बाहेरची बाजू लांब व्हायला मोकळी राहत नाही. सगळा ताण पट्टी सोसते, आणि लाकूड, बाहेरचे काय नि आतले काय, फक्त दबत जाते.

आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव चढवतो तेव्हा लालबुंद लोखंड लाकडावर बसते, पाण्याने निवते, आवळते आणि सगळ्या तुकड्यांना आत दाबून धरते. टोनेटच्या पट्टीचे काम अगदी तेच नाही, पण नाते चुलत आहे. ज्या गोष्टीला लाकूड कच्चे, तेवढी गोष्ट लोखंडाकडे सोपवायची आणि काम झाले की लोखंड काढून घ्यायचे. चाकावर धाव राहते, खुर्चीवर पट्टी राहत नाही. १८५६च्या जुलैमध्ये या रीतीचा विशेषाधिकार मिळाला, मुदत १३ वर्षे.

त्याच सुमारास कारखाना शहरातून उठला. मोराव्हियात, आजच्या चेक प्रजासत्ताकात, कोरिचानी नावाचे गाव आहे. तिथे बीचचे जंगल दाराशी होते, मजुरी स्वस्त होती आणि जवळपास मुरलेले सुतार नव्हते. ही शेवटची गोष्ट अडचणीची वाटेल, पण टोनेटला तीच हवी होती. मुरलेला सुतार पूर्ण खुर्ची करतो आणि तिच्यात आपला हात दाखवतो. टोनेटला प्रत्येक खुर्ची दुसरीसारखी हवी होती, कारण छत्तीस खुर्च्यांचे सुटे भाग एका खोक्यात गेल्यावर कोणताही पाय कोणत्याही बैठकीला बसला पाहिजे. त्याने शेतकऱ्यांची माणसे घेतली आणि एकेकाला एकेक काम शिकवले. यंत्रे आणि साचे स्वतः बनवले.

ते काम कसे चाले ते बघण्यासारखे आहे. ओंडक्याच्या चौकोनी काठ्या कापायच्या, कातयंत्रावर त्या गोल करायच्या, टोकांकडे निमुळत्या. मग बंद पेटीत कित्येक तास वाफ द्यायची. काठी बाहेर आली की हातात मिनिटेच असतात, कारण निवायला लागली की ती पुन्हा हट्टी होते. दोघे जण पुढे होतात. पट्टी आवळली जाते, काठीचा मधला भाग ओतीव लोखंडाच्या साच्यावर टेकतो, आणि दोघे दोन टोके धरून चालत येतात, एक डावीकडून एक उजवीकडून, अंगाचा भार टाकत. दोघांची चाल जुळली नाही तर कमान एका बाजूला कलते आणि माल बाद. शिकंजे कसायचे, साचा काठीसकट सुकवण्याच्या खोलीत ढकलायचा, आणि पुढची काठी. सुकल्यावर साचा सुटतो आणि काठी वळलेलीच राहते. मग घासणे, रंग, पॉलिश, विणकाम.

या सगळ्यातून १८५९ मध्ये चौदा नंबर आला. सुरुवातीला त्यातले काही भाग जुन्या रीतीचे, सरसाचेच होते. थोड्या वर्षांत तेही गेले आणि खुर्ची सगळी सलग लाकडाची झाली. स्थिरावल्यावर तिचा हिशेब असा होता: लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. पाठ आणि मागचे पाय मिळून एक, आतली कमान दोन, बैठकीचे कडे तीन, पुढचे पाय चार आणि पाच, आणि पायांना खालून एकत्र धरणारे कडे सहा. यातला एखादा काढा, खुर्ची उभी राहत नाही. आणखी एखादा घाला, तर त्याला काम नाही. तिच्या देखणेपणावर पुढे पुष्कळ लिहिले गेले. मला वाटते तिला देखणी करायला कोणी बसलेच नव्हते. लाकूड कमी, तुकडे कमी, खोक्यातली जागा कमी, जोडायला वेळ कमी, असे कापत कापत गेल्यावर जे उरले ते असे दिसले.

बैठक वेताची. वेत पूर्वेकडच्या बेटांवरून यायचा. हलका, हवेशीर, सांडलेले खाली गळून जाते. पण वेत विणायला यंत्र नव्हते. कारखान्याच्या आसपासच्या खेड्यांत कडी घरोघर वाटली जात आणि बायका व पोरे घरी बसून ती विणून परत देत. युरोपभरच्या कॉफीहाउसांत ज्या बैठकीवर कवी आणि दलाल बसले ती मोराव्हियातल्या एखाद्या चुलीपुढे दहा वर्षांच्या मुलीने ओढून घट्ट केलेली असायची. डिझाइनच्या जाड पुस्तकांत चौदा नंबरचे पानभर फोटो असतात, या हातांना फार तर एक ओळ मिळते.

एक कारखाना पुरेना. १८६०च्या दशकात बिस्त्रित्से, मग हालेनकोव्ह, व्हसेतिन, आजच्या स्लोव्हाकियातले व्हेल्के उहेर्त्से, पुढे रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये रादोम्स्को आणि जर्मनीत फ्रँकेनबर्ग. प्रत्येक ठिकाण निवडताना आधी बीचचे जंगल बघितले जाई, मग रेल्वे. आरागिरण्या स्वतःच्या, यंत्रे स्वतःची, आणि मोठमोठ्या शहरांत विक्रीची दुकानेही स्वतःची. १८६७च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले.

१८६९ मध्ये तेरा वर्षांची मुदत संपली. आता कोणीही लाकूड वाकवू शकत होते आणि वाकवू लागलेही. सगळ्यात जोरदार निघाले याकोब आणि योझेफ कोन. त्यांचा कारखाना टोनेटांच्या अंगणातच, व्हसेतिनला उभा राहिला. चौदा नंबरची नक्कल इतकी सरसकट झाली की लांबून कोणती खुर्ची कोणाची हे ओळखता येईना. टोनेटांनी बैठकीच्या कड्याच्या आतल्या अंगाला नाव ठोकायला आणि कागदी चिठ्ठी चिकटवायला सुरुवात केली. खरी खोटी ओळखायची तर खुर्ची उलटी करावी लागे.

योगायोग असा की १८६९च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवाही उघडला. ऑस्ट्रियाचे बंदर त्रिएस्त, तिथली ऑस्ट्रियन लॉइड कंपनीची आगबोट आता आफ्रिकेला वळसा न घालता मुंबईला येऊ शकत होती. पेटंट सुटले आणि वाट आखूड झाली, दोन्ही एकाच वर्षी. मिखाएल टोनेट यानंतर फार जगला नाही. ३ मार्च १८७१ रोजी व्हिएन्नात तो वारला. मुलांनी धंदा इतका वाढवला की १९०० च्या सुमारास ६,००० कामगार रोज ४,००० नग तयार करत होते. १९१२ मध्ये वर्षाला वीस लाख नगांचा पल्ला गाठला गेला. आणि एकट्या चौदा नंबरच्या खुर्च्या १९३० पर्यंत पाच कोटी विकल्या गेल्या होत्या असा हिशेब दिला जातो. त्यात कोन आणि इतरांच्या नकला धरलेल्या नाहीत.

मुंबईत या घराण्यातल्या खुर्च्या येऊन बसल्या त्या इराण्यांच्या हॉटेलांत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून इराणातल्या यझ्द, केरमान भागांतून आलेल्या मंडळींनी रस्त्यांच्या कोपऱ्यांवरच्या जागा घेतल्या आणि तिथे चहा, ब्रून मस्का, खारी विकायला सुरुवात केली. त्यांची गरज डाउमच्या मालकिणीसारखीच होती. संगमरवरी टेबलाभोवती हलकी, मजबूत, चार पैशांत बसणारी खुर्ची. बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियाच्या, १९२३ सालच्या हॉटेलातल्या खुर्च्या पोलंडहून आणल्याचे सांगितले जाते. इतर ठिकाणच्याही काही पोलंडच्या, काही चेकोस्लोव्हाकियाच्या, काही मागाहून इथेच केलेल्या. म्हणजे इराण्याकडची प्रत्येक खुर्ची टोनेटची, असे म्हणून पैज लावू नये. पण वळवण्याची रीत त्याचीच. आणि समुद्रावरून थेट आत शिरणाऱ्या दमट हवेत, जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येत असताना, ती शंभर-शंभर वर्षे उभी राहिली आहे ती तिच्या वळणात सरस नाही म्हणून. दमट बंदरांतून आलेल्या तक्रारींचा फायदा असा शेवटी मुंबईला झाला.

आमच्या घरी अशी एक होती, कोणत्या हॉटेलाच्या लिलावातून आली कोण जाणे. वेत केव्हाच गेला होता आणि कोणीतरी प्लायवूडची चकती ठोकली होती. तिच्या भोकाभोकांच्या नक्षीत ढेकणांनी वसाहत केल्यामुळे दर उन्हाळ्यात तिला अंगणात उकळते पाणी मिळे. ती कुरकुरायला लागली की वडील खाली बसून दोन स्क्रू आवळायचे आणि ती पुन्हा गप्प व्हायची. शेजारची सागवानी, सरसाने जोडलेली खुर्ची एकदा हलायला लागली ती सुतार येईपर्यंत हलतच राहायची. लहानपणी मला सागवानी श्रीमंत वाटायची.

पहिल्या महायुद्धात टोनेटांचे घर पुन्हा एकदा हातचे गेले, या वेळी साम्राज्यासकट. ज्या एका राज्यात बहुतेक कारखाने होते त्याचे तुकडे झाले. कोरिचानी, बिस्त्रित्से, व्हसेतिन चेकोस्लोव्हाकियात गेले, रशियाकडचे रादोम्स्को नव्या पोलंडमध्ये, मुख्य कचेरी राहिली लहानग्या ऑस्ट्रियात. काल जी मालगाडी होती ती आज निर्यात झाली. जुना वैरी कोन १९१४ मध्येच मुंडस नावाच्या कंपनीत विलीन झाला होता. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला टोनेटही त्याच गोतावळ्यात सामील झाले. पन्नास वर्षे एकमेकांची गिऱ्हाइके पळवणारे एका पाटीखाली आले.

तेवढ्यात लाकडाची चालच बदलली. १९२५ मध्ये डेसाऊच्या बाउहाउस शाळेतल्या मार्सेल ब्रॉयरने सायकलच्या हँडलकडे बघितले आणि पोलादी नळीची खुर्ची केली. त्याच वर्षी वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिएने पॅरिसच्या प्रदर्शनातल्या आपल्या दालनात टोनेटची जुनी लाकडी खुर्ची मुद्दाम मांडली होती. नव्या मंडळींना आपला आजोबा सापडला होता. टोनेटांनीही नातवंडे ओळखली. नळी वाकवणे आणि काठी वाकवणे यांत धंद्याच्या दृष्टीने फार अंतर नव्हते. १९२९ पर्यंत ब्रॉयरचे नमुने आणि त्याने सुरू केलेली कंपनी टोनेटकडे आली. फ्रँकेनबर्गला लाकडाच्या वाफेशेजारी पोलादाचा खणखणाट सुरू झाला.

त्या कंपनीबरोबर एक भांडणही आले. डच वास्तुविशारद मार्ट स्टामने गॅसच्या नळ्या आणि सांधे जोडून मागचे पाय नसलेली खुर्ची केली होती आणि १९२७ मध्ये श्टुटगार्टच्या प्रदर्शनात ती लोकांनी पाहिली. पुढे झुकलेल्या दोन पायांवर अधांतरी बैठक. टोनेट ब्रॉयरच्या नावाने तशा खुर्च्या विकत होते. स्टामच्या रचनेचे हक्क अँटोन लोरेंझ नावाच्या चलाख गृहस्थाने मिळवले होते आणि त्याने टोनेटवर दावा लावला. प्रकरण लाइपझिगच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९३२ मध्ये निकाल लागला: ताठ, चौकोनी वळणाची, मागे पाय नसलेली खुर्ची ही स्टामची कलाकृती आहे आणि तिच्यावर कलावंताचा हक्क आहे. टोनेट हरले.

माझ्या मते या धंद्याच्या इतिहासातला खरा सांधा हाच. चौदा नंबरच्या खुर्चीवर कलावंताचा हक्क कोणी सांगितला नव्हता. टोनेटचा विशेषाधिकार वाकवण्याच्या रीतीवर होता, आकारावर नव्हता, आणि रीतीची मुदत संपताच सगळ्या जगाने ती खुर्ची केली. १९३२ नंतर उलटे झाले. रीत कोणाचीही असो, आकाराला धनी मिळाला. आजच्या महागड्या फर्निचरच्या दुकानात खुर्चीआधी नाव सांगतात, ब्रॉयरची, स्टामची, आणि किमतीतला मोठा भाग त्या नावाचा असतो. नावाने कारागिराला न्याय मिळाला हे खरेच. पण पाच कोटी खपलेली खुर्ची निनावी होती आणि नावाची खुर्ची सहसा कॉफीहाउसात जात नाही, हेही तितकेच खरे.

१९३८ मध्ये नाझी व्हिएन्नात शिरले. कंपनीचा कारभार पाहणारा लेओपोल्ड पिल्झर ज्यू होता. त्याला अमेरिकेला जावे लागले आणि तिथे त्याने टोनेट नावाचा वेगळा धंदा उभा केला. १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात फ्रँकेनबर्गचा कारखाना जमीनदोस्त झाला. पूर्वेकडचे कारखाने युद्धानंतर सरकारजमा झाले. संस्थापकाचा पणतू गेओर्ग टोनेटने फ्रँकेनबर्ग पुन्हा उभारले, पण ज्या जंगलांच्या भरवशावर घर वाढले ती आता पोलादी पडद्यापलीकडे होती.

चेकोस्लोव्हाकियाच्या सरकारने बिस्त्रित्सेच्या कारखान्याला १९५३ मध्ये नवे नाव दिले: टॉन. चेक भाषेत ‘वाकवलेल्या फर्निचरचे कारखाने’ या शब्दांची ती आद्याक्षरे, आणि अर्धे टोनेटही. आज फ्रँकेनबर्गची जर्मन कंपनी जुनी खुर्ची २१४ या क्रमांकाने विकते. नाव आणि घराणे तिच्याकडे आहे. टॉनही तशीच खुर्ची विकते, आणि १८६०च्या दशकातली जागा तिच्याकडे आहे. व्हिएन्नाचे नाव लावणारी तिसरी कंपनी इटलीत आहे. अस्सल कोण, यावर दुकानदारांनी आपापले बोलावे.

बिस्त्रित्सेला अजून वाफेची पेटी उघडते, दोघे जण गरम काठीला लोखंडी पट्टी आवळतात आणि टोके धरून साच्याभोवती चालत येतात.